'बरोबर' म्हटल्याशिवाय

"इथेच राहा," असं जयमालाच्या आवाजात उत्तर आलं आणि शर्वरीने खाटेच्या लोखंडी कडेवर कपाळ टेकलं.

उत्तर जयमालाने दिलं नव्हतं.

लेकीने विचारलं होतं, "आई, चौदा महिने म्हणजे फार होतात गं. मी नाही जात. इथेच राहू ना?" प्रश्न संपून दोन सेकंदही झाले नव्हते. 'वेडी आहेस का' म्हणण्यासाठी जयमाला निपचित पडलेल्या जिभेला मनातून रेटा देत होती, तेवढ्यात उशाजवळच्या डब्याने तिच्याच ठसक्यात निकाल लावून टाकला.

"चला, मिटलं एकदाचं," दारात उभा असलेला संपत म्हणाला. "मी सांगत नव्हतो, आईलाच विचार म्हणून?"

शर्वरी त्यांची एकुलती लेक. ती हवामानशास्त्र शिकली होती आणि अंटार्क्टिकावरच्या संशोधन केंद्रात राहून वारा नि बर्फ मोजणाऱ्या तुकडीत तिची निवड झाली होती. तिथे एकदा हिवाळा लागला की आठ महिने ना जहाज येतं, ना विमान. मागे घरात काहीही झालं तरी परतता येत नाही. संमतीपत्र सोमवारी दुपारी बारापर्यंत पाठवायचं होतं. आज गुरुवार होता.

जयमालाने डोळे गच्च मिटले. वर बघितलं की 'होय', गच्च मिटले की 'नाही'. दहा महिने हे घर या दोन खुणांवर चाललं होतं. पण डबा आल्यापासून तिच्या डोळ्यांकडे कुणी बघत नसे. सगळे डब्याकडे तोंड करून बोलत. शर्वरीनेही डोळे पुसले ते डब्याकडे बघतच.

* * *

जयमाला माने विट्याबाहेरच्या १३२ केव्ही उपकेंद्रात यंत्रचालक होती. गेल्या वर्षी ऑक्टोबरातल्या एका सकाळी सहा वाजता ड्युटीवर निघताना तिला चक्कर आली आणि जीभ जड झाली. संपत पशुधन पर्यवेक्षक. जनावरांना इंजेक्शनं देतो म्हणून सारं गाव त्याला 'डॉक्टर' म्हणायचं, आणि त्यालाही ते खरं वाटायचं. "पित्त खवळलंय," म्हणून त्याने तिला सोडा पाजला, गोळी दिली, झोपवलं आणि तो एका अडलेल्या म्हशीकडे गेला. परतला तेव्हा दहा वाजले होते, आणि तिथून सांगलीला पोचायला दीड तास लागला. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सांगलीच्या डॉक्टरांनी संपतला वेळ विचारली. उत्तर ऐकून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. जयमाला शुद्धीवर होती. ते पेन ठेवलेलं तिने पाहिलं होतं.

गाठ मेंदूच्या देठात अडकली होती. तिथून खाली जाणारे सगळे हुकूम तुटले. हात, पाय, ओठ, जीभ, सगळं थांबलं. विचार, स्मरण आणि ऐकणं जसंच्या तसं राहिलं, डोळे तेवढे वर-खाली होत.

यंदा जूनमध्ये पुण्यात तिच्या मेंदूवर पोस्टाच्या तिकिटाएवढी पातळ पट्टी बसवली. ओठ, जीभ आणि स्वरयंत्र हलवायचे हुकूम मेंदूच्या ज्या भागातून सुटतात त्या भागावर ती पट्टी बसते. जीभ हलली नाही तरी हुकूम सुटतोच. 'प' म्हणायचा प्रयत्न केला की एक खूण उमटते, 'म' म्हणायचा केला की जवळपास तशीच, पण जरा वेगळी. पट्टी त्या खुणा टिपते आणि डब्यातलं यंत्र त्यांचे शब्द लावतं. मात्र खुणा अस्पष्ट असतात, एकमेकींत मिसळतात. दहा अक्षरांतली चार-पाच कळतात, उरलेली यंत्र अंदाजाने भरतं. माणूस कसं बोलतो, कशापुढे काय म्हणतो, हे ठाऊक असलं तरच असा अंदाज बांधता येतो.

जयमाला कसं बोलते, हे यंत्राला शिकवायला भरपूर सामग्री मिळाली. उपकेंद्रातला प्रत्येक फोन नोंदवला जातो. नऊ वर्षांच्या फोनांतून तिचा आवाज उचलला, आणि बोलण्याची ढबही.

त्या फोनांची एक रीत होती. खांबावर काम करायचं असलं की त्या गावाची वीजवाहिनी, म्हणजे फीडर, बंद करून वर चढायची परवानगी घ्यायला लाइनमन फोन करी, "कार्वे फीडर बंद करून परमिट द्या." जयमाला तेच वाक्य परत म्हणे, "कार्वे फीडर बंद करून परमिट देते." पलीकडून "बरोबर" आलं की मगच तिचा हात स्विचकडे जाई. ऐकण्यात चूक झाली तर माणूस जळून मरतो, म्हणून ही रीत. परत म्हणणं म्हणजे ऐकू आलं, एवढंच. हुकूम पक्का होतो तो 'बरोबर' आल्यावर.

ऑगस्टात डबा घरी आला तेव्हा तिचा पहिला शब्द होता 'पंखा'. तो अस्सल होता. संपतने पंखा लावला आणि भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. पुढचे दिवस सणासारखे गेले. आमटी कशी झालीय, झोप लागली का, टीव्ही लावू का, प्रत्येक प्रश्नाला पटापट उत्तर यायला लागलं. यातली बरीच उत्तरं आपण द्यायच्या आतच येतात, हे जयमालाच्या पहिल्या आठवड्यातच ध्यानात आलं होतं. टीव्ही लागला काय नि न लागला काय, तिने सोडून दिलं.

मग ज्येष्ठागौरीच्या जेवणाचा दिवस आला. पंगत उठल्यावर संपत खाटेशी बसला आणि म्हणाला, "जया, त्या दिवशीचं... तुझा राग नाही ना माझ्यावर?"

डबा म्हणाला, "राग नाही तुमच्यावर."

राग होता. चार तासांचा होता, आणि रोज पहाटे सहा वाजता तो नव्याने जागा होई. पण संपतचे खांदे अकरा महिन्यांनी खाली आलेले तिने पाहिले आणि त्या दिवशी डोळे मिटायचे टाळले. कुणी आपल्या नावावर खोटी सही करावी आणि आपण ती बघून मान फिरवावी, तसं तिने केलं होतं. आता त्याच सहीने लेकीचं वर्ष वाया चाललं होतं.

* * *

शुक्रवारी ती कामाला लागली. कुणी प्रश्न विचारत नसताना शब्द त्यातल्या त्यात सरळ उमटतात, हे तिने हेरलं होतं. संपत स्वयंपाकघरात मिक्सर लावायला गेल्यावर तिने सगळा जोर लावला. ते मी बोलले नाही.

"ते मी बोलले आहे," डबा म्हणाला.

ते साहजिक होतं. 'सांगलीला मी बोलले आहे' हे वाक्य तिने फोनवर हजारदा म्हटलं होतं. तिने दुसरं घेतलं. यंत्र चुकतंय.

"यंत्र चालू आहे."

"चालू आहे, चालू आहे," संपत आतून ओरडला. "शंभर टक्के चार्जिंग केलंय सकाळीच!"

जयमाला दमली. पण रात्रपाळीला एकाच वेळी तीन फीडर गेले तरी न डगमगणारी बाई ती. तिने शांतपणे विचार केला. आपण नवी वाट धरली की हे यंत्र ती बुजवून जुन्या वाटेला लागतं. मग त्याच्या जुन्या वाटेनेच गेलं पाहिजे. नऊ वर्षांत तिने सर्वांत जीव तोडून म्हटलेलं वाक्य कोणतं?

"लाइन चार्ज करू नका. माणूस वर आहे."

खांबावर माणूस असताना लाइनीत वीज सोडू नका, असा त्याचा अर्थ. एकही अक्षर इकडचं तिकडे न होता वाक्य खणखणीत बाहेर पडलं. मिक्सर थांबला.

दिवसभर ती तेवढंच म्हणत राहिली. संपतने ताप बघितला, नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली. "वात झालाय हिला," तो म्हणाला. "ड्युटीवर असल्यासारखं बरळतीय."

"बरळत नाही पप्पा," शर्वरी म्हणाली. "आई एकच वाक्य म्हणतेय, आणि नीट म्हणतेय. आपल्याला कळत नसलं तर ज्याला कळतं त्याला बोलवू. मी इक्बालकाकांना फोन करते."

* * *

इक्बाल शिकलगार तीस वर्षं खांबावर चढलेला लाइनमन. शनिवारी सकाळी आला तो दारातूनच बोलत. "चहा नको हां डॉक्टर, साखर वाढलीया. तुमच्या म्हशीला देता ती गोळी मला देऊ नका म्हंजे झालं."

त्याने खुर्ची ओढली आणि डबा व खाट यांच्या मधोमध, डब्याकडे पाठ करून बसला. मुद्दाम असं नव्हे. ताईंना भेटायला आलो म्हटल्यावर ताईंच्या तोंडाकडे बघायचं, एवढाच त्याचा हिशेब.

"ताई, आलो मी. म्हाताऱ्या झालात जरा. माणूस वर आहे ना?"

"माणूस वर आहे," पाठीमागून आवाज आला. समोर जयमालाचे डोळे वर गेले.

"आणि लाइन चार्ज करायला कार्व्याहून सांगितलंय ना?"

"कार्व्याहून सांगितलंय." डोळे गच्च मिटले.

इक्बाल खुर्चीत पुढे सरकला. "आँ? डबा होय म्हणतोय आणि डोळे नाही म्हणत्यात." त्याने क्षणभर विचार केला. "ताई, आज बुधवार ना?"

"आज बुधवार." डोळे मिटलेले.

"आणि उद्यापासून आपल्या सर्कलचा मुख्य अभियंता मीच ना?"

"उद्यापासून मुख्य अभियंता," जयमालाचा आवाज गंभीरपणे म्हणाला. शर्वरीला हसू फुटलं आणि तिथंच थिजलं.

"पोरी, हे होय नव्हं," इक्बाल वळून म्हणाला. "हे परत म्हणणं आहे. मी सांगितलं की ताई पहिल्यांदा माझंच वाक्य मला ऐकवायच्या. मी 'बरोबर' म्हणेपर्यंत स्विचला हात लावायच्या नाहीत. डब्यानं निम्मी रीत उचलली, आणि तुम्ही निम्म्यावरच लाइन चालू केली."

शर्वरी उठून खाटेच्या पायथ्याशी गेली, आईचा चेहरा पुरता दिसेल अशी. "आई, गुरुवारी 'राहा' म्हणालीस, ते तू म्हणालीस?"

"मी म्हणाले," डबा म्हणाला.

डोळे मिटले, आणि बराच वेळ मिटलेलेच राहिले.

"मग मी जाऊ?"

डोळे वर गेले.

"मी गेलेलं तुला आवडेल?"

यावर जयमालाने ना वर बघितलं, ना डोळे मिटले. दोन्ही खोटं झालं असतं.

"बघ," शर्वरी म्हणाली. "म्हणजे तू माझ्यासाठी काळजावर दगड ठेवून म्हणतेस. असं असेल तर मी नाही जाणार."

मग तिने कपाटामागचा जुना अक्षरतक्ता काढला. एकेका अक्षरावर बोट फिरवायचं, हवं ते आलं की आईने वर बघायचं. 'मला' जमलं, 'तू' जमलं. 'ह' वर डोळे वर गेले न गेले तोच शर्वरी म्हणाली, "हवीस? मला तू हवीस? आई, मला माहीतच होतं गं!" जयमालाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शर्वरीला ती माया वाटली. बोटामागे फिरून डोळे शिणले होते, आणि वाक्य पुढे अजून बरंच होतं. अर्धं ऐकून उरलेलं आपल्या मनाने भरायची खोड यंत्राला कुठून लागली असेल, हे जयमालाला त्या दुपारी समजलं.

* * *

डबा बसवून देणाऱ्या कंपनीची केतकी पुण्याहून फोनच्या पडद्यावर आली. तिने सगळं ऐकून घेतलं, कसलीही सारवासारव केली नाही.

"प्रत्येक वाक्यात मेंदूची खूण किती आणि आमचा अंदाज किती, याची नोंद राहते," ती म्हणाली. "समोरच्याचा प्रश्नही यंत्र ऐकतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. थांबा, बघते. गुरुवारी संध्याकाळी, 'इथेच राहा'. खूण अकरा टक्के. अंदाज एकोणनव्वद."

शर्वरीने मान वळवून आईकडे बघितलं.

"यावर उपाय आहे," केतकी पुढे म्हणाली. "तयार झालेलं वाक्य आधी फक्त ताईंच्या कानात वाजेल. त्यांनी वर बघितलं तरच ते मोठ्याने बोललं जाईल, नाहीतर पुसलं जाईल. फक्त वेग पडेल. आता मिनिटाला साठ शब्द येतात, ते आठ-नऊवर येतील."

"मग हे आधीच का नाही लावलं?" शर्वरीने विचारलं.

"बसवताना दोन पर्याय विचारले होते. 'सहज संवाद' आणि 'तपासून संवाद'. घरच्यांनी सहज निवडला. बहुतेक सगळे तोच निवडतात. बदलायचा तर पालक म्हणून ज्यांचं नाव आहे त्यांचा अंगठा लागेल."

सगळ्यांनी संपतकडे बघितलं. संपत फरशीकडे बघत होता.

"आणि ती मागची नोंद," तो म्हणाला, "ती सगळ्या वाक्यांची असती?"

"सगळ्या. तारखेनुसार यादी निघते."

"हां." त्याने घसा खाकरला. "मिनिटाला आठ शब्द म्हणजे हिनं हाक मारेपर्यंत चहा गार व्हायचा. तेरा महिन्यांनी आत्ता कुठं हे घर बोलायला लागलंय. बघू. मी विचार करतो."

"पप्पा, विचार काय करायचाय त्यात? सोमवारी बारापर्यंत..."

"म्हटलं ना विचार करतो!" त्याने इंजेक्शनांची पेटी उचलली. "भाळवणीला गाय बघायची आहे."

इक्बाल त्याच्यामागून पायरीपर्यंत गेला. "डॉक्टर," तो हलक्या आवाजात म्हणाला, "वर चढलेल्या माणसाचा जीव खालच्याच्या हातात असतो. खालच्यानं विचार करतो म्हणून निघून जायचं नसतं."

संपत गाडीला किक मारून गेला. तो कशाला घाबरला होता, हे घरात एकट्या जयमालाला माहीत होतं, आणि तिला सांगता येत नव्हतं. सांगता आलं असतं तरी लेकीसमोर तिने सांगितलं नसतं.

* * *

रविवारी दुपारी शर्वरी औषधं आणायला गेली तेव्हा संपत आत आला. त्याने पट्टीपासून डब्यात येणाऱ्या वायरीची पिन काढली. खुर्ची इक्बालने ठेवली होती तिथंच, खाटेकडे तोंड करून होती. तो तिच्यावर बसला.

"आता आपण दोघंच," तो म्हणाला.

जयमालाने वर बघितलं.

"म्हशीला बोलता येत नाही. तरी तिचं कुठं दुखतंय ते मला तिच्या डोळ्यांवरनं कळतं. सव्वीस वर्षं हेच केलं. आणि घरात तीन महिने डब्याकडं बघत बसलो." तो बोटांनी चादरीची सुरकुती सरळ करत राहिला. "त्या यादीत गौरीच्या जेवणाचा दिवस असणार."

डोळे वर गेले.

"मी विचारत नाही. आज नाही विचारणार." त्याने खुर्ची पुढे ओढली. "खरं सांगू? मला त्याच दिवशी शंका आली होती. तू इतक्या लवकर कुणाला सोडलंयस कधी? माझ्या बहिणीनं लग्नात तुला मीठ कमी असलेली भाजी वाढली, ते तू सतरा वर्षं काढलंस."

जयमालाला हसू आलं. हसणारे स्नायू उरले नव्हते, पण डोळ्यांच्या कडांशी काहीतरी हललं असावं, कारण संपतही कसनुसा हसला आणि मग त्याचा चेहरा आवळला.

"कळत होतं, पण गोड लागलं. म्हणून धरून बसलो," तो म्हणाला. "पोरीचंही तसंच झालं की. तिला जे ऐकायचं होतं ते डब्यानं ऐकवलं."

त्याने पिन परत लावली. खिशातून फोन काढला, केतकीने पाठवलेला कागद उघडला. अंगठा शर्टाला पुसला, एकदा उमटेना म्हणून दुसऱ्यांदा पुसला, आणि दाबला.

* * *

सोमवारी सकाळी नऊला केतकीने पुण्याहून बदल चालू केला.

पहिला अर्धा तास काहीच झालं नाही. निदान बाहेर तरी. जयमालाच्या कानात तिचाच आवाज कुजबुजत होता. 'मला तू इथेच.' तिने डोळे हलवले नाहीत, वाक्य पुसलं गेलं. 'मला तू इथे हवं.' पुसलं. कानात वाक्य वाजायचं आणि तिच्या होकाराची वाट बघत थांबायचं. तेरा महिन्यांनंतर पुन्हा तिचा हात स्विचवर होता. खोलीत घड्याळ ऐकू येत होतं. शर्वरी दोनदा काहीतरी बोलायला गेली आणि दोन्ही वेळा संपतने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"मला तू इथे हवी आहेस," जयमाला म्हणाली.

शर्वरीने श्वास ओढला. "बघ, म्हणजे मी म्हणत होते..."

"थांब," संपत म्हणाला. "वाक्य पुरं होऊ दे तिचं."

दोन मिनिटं गेली.

"ते वाटणं झालं."

आणखी एक मिनिट.

"सांगणं वेगळं. सांगते ते ऐक. जा."

तिच्यात हे दोन्ही होतं. केतकीने सांगितलेले अकरा टक्के कदाचित तिचेच होते. पण मनात जे वाटतं त्यातलं काय तोंडाबाहेर जाऊ द्यायचं, हे माणूस स्वतः ठरवतो. तेवढंच तिचं उरलं होतं, आणि तेवढ्यासाठी ती चार दिवस झगडली होती.

"आणि मी तिथे असताना तुला काही झालं तर?" शर्वरी म्हणाली. तिने हे डब्याकडे न बघता विचारलं.

उत्तराला चार मिनिटं लागली. कानात आलेली पाच वाक्यं जयमालाने पुसली. त्यातलं एक फार गोड होतं.

"तर तुला येता येणार नाही. मला माहीत आहे. तरी जा."

"आणि मी माझ्या मनाने राहिले तर?"

"तर राहा." बऱ्याच वेळाने पुढचं आलं. "पण माझ्या तोंडून नको."

शर्वरी उठली आणि अंगणात गेली. खिडकीतून ती येरझाऱ्या घालताना दिसत होती. साडेदहा वाजले, अकरा वाजले. संपत चहा ठेवायला उठला नाही. सव्वाअकराला ती आत आली, डोळे सुजलेले, हातात फोन. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

"तू म्हणालीस, तुला मी इथे हवी आहे, तरी जा," ती एकेक शब्द सावकाश म्हणाली. "आणि मी म्हणते, मी जाते. माझ्या मनाने."

ती थांबली, पुढे काही न जोडता.

"बरोबर," जयमाला म्हणाली.

शर्वरीने बटण दाबलं.

* * *

डिसेंबरात लेक गेली. घर हळू झालं. संपतला चहा खरोखरच गार प्यायची सवय लागली. येणारेजाणारे दोन प्रश्नांनंतर कंटाळून उठत. इक्बाल तेवढा रविवारी येऊन तासभर बसे आणि चार वाक्यं घेऊन जाई.

जानेवारीत जयमालाने यादी मागवली. ऑगस्टपासूनची सहा हजार वाक्यं होती. रोज दुपारी संपत एकेक मोठ्याने वाची आणि ती निवाडा देई. 'बरोबर', नाहीतर 'रद्द'. काही वाक्यं तिने म्हटली नव्हती, तरी तिने ठेवली. "आमटी छान झालीय," हे वाचून झाल्यावर ती म्हणाली होती, "मी म्हटलं नव्हतं. पण बरोबर."

आठव्या दिवशी गौरीच्या जेवणाचं पान आलं. संपतला ते चुकवता आलं असतं. खाली अंगठा ठेवून दोन ओळी झाकल्या असत्या तरी कुणाला कळलं नसतं. त्याने चष्मा पुसला आणि वाचलं. आधी स्वतःचा प्रश्न, मग तिचं उत्तर. "राग नाही तुमच्यावर."

कानात शब्द लगेच आला. जयमालाने लगेच वर बघितलं नाही. संपत मान खाली न घालता तिच्या डोळ्यांकडे बघत बसला होता. मग तिने वर बघितलं.

"रद्द."

संपतने पट्टी लावून त्या वाक्यावर रेघ मारली. रेघ सरळ आली. त्या दिवसाची अजून सतरा वाक्यं उरली होती.

"वाचू पुढचं?" त्याने विचारलं, आणि वाट बघत बसला.

"वाचा."